एका हाती वही, दुसऱ्या हाती चेंडू
म्हैसूर विद्यापीठाच्या मैदानावरून पालकांसाठी चार गोष्टी

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर येलवाल हे गाव लागते. जुन्या पिढीतील मराठी वाचकांना हे नाव ओळखीचे आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये विनोबाजींच्या उपस्थितीत येथे ग्रामदान परिषद भरली होती आणि पंडित नेहरूंसह देशातील मोठमोठे पुढारी या लहानशा गावात जमले होते. येलवालहून परत शहराकडे निघाले की म्हैसूरच्या पश्चिम अंगाला विद्यापीठाचा विस्तीर्ण, झाडीने भरलेला परिसर आहे. त्याचे नाव मानसगंगोत्री. हे सुंदर नाव कन्नडचे थोर कवी आणि विद्यापीठाचे माजी कुलगुरू कुवेंपू यांनी दिले.

महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या प्रयत्नांतून २७ जुलै १९१६ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले. ब्रिटिश मुलुखाबाहेर, एका संस्थानात निघालेले हे देशातील पहिले विद्यापीठ. आपल्या कोल्हापूरला जशा तालमी, तशा म्हैसूरला 'गरडी'. दसऱ्यातील कुस्त्यांचा तिथला थाटही कोल्हापूरकरांना घरचाच वाटावा. अशा गावातील विद्यापीठाला खेळाचे वावडे नसणार, हे ओघानेच आले.

पाच वर्षांची रजा

या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग' या कॉलेजात १९६० च्या सुमारास एरापल्ली प्रसन्ना नावाचा विद्यार्थी शिकत होता. ऑफस्पिन गोलंदाजी इतकी फसवी की जानेवारी १९६२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इंग्लंडविरुद्ध मद्रासला तो पहिला कसोटी सामना खेळला. लगेच वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी निवड झाली. पण घरी वडील राजी नव्हते. इंजिनिअरिंग अर्धवट टाकून मुलगा सातासमुद्रापार खेळायला जाणार, हे कोणत्या बापाला रुचेल? त्यांचे मन वळवावे लागले.

दौरा झाला आणि याच सुमारास वडिलांचे छत्र हरपले. आता घराची चिंता समोर उभी राहिली. प्रसन्नांनी चेंडू बाजूला ठेवला आणि पुस्तके उघडली. पदवी मिळवली. पुढचा कसोटी सामना त्यांना मिळाला तो थेट जानेवारी १९६७ मध्ये. ऐन उमेदीची जवळजवळ पाच वर्षे गेली!

ही वर्षे वाया गेली का? आकडेच उत्तर देतात. प्रसन्नांनी शंभर कसोटी बळी अवघ्या वीस सामन्यांत पूर्ण केले. हा भारतीय विक्रम २०१३ पर्यंत टिकला. तो मोडला रविचंद्रन अश्विनने, आणि गंमत म्हणजे तोही इंजिनिअरच! एकूण ४९ कसोटींत प्रसन्नांचे बळी झाले १८९.

मुंबईचा बसमधला प्रवासी

याच काळात इकडे मुंबईत उलटी गोष्ट घडत होती. एल्फिन्स्टन कॉलेजात अजित वाडेकर नावाचा मुलगा इंजिनिअर व्हायचे मनात धरून विज्ञान शिकत होता. कॉलेजच्या संघातील बाळू गुप्ते आणि तो एकाच बसने जात. संघाला बारावा खेळाडू कमी पडत होता. "येतोस का? दिवसाला तीन रुपये मिळतील," असे गुप्त्यांनी विचारले. त्या काळी विद्यार्थ्याच्या खिशाला तीन रुपये जड होते. वाडेकर गेले, आणि पाहता पाहता मुंबई विद्यापीठाच्या संघात पोहोचले. विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया करंडक स्पर्धेत त्यांनी त्रिशतक ठोकले. इंजिनिअर होणे राहिले, स्टेट बँकेत नोकरी लागली आणि १९७१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोघांनाही त्यांच्याच घरी हरवले. त्या संघात प्रसन्नाही होते.

पुढे १९७४ साली बंगलोरला रणजी उपांत्य सामन्यात हे दोघे आमनेसामने आले. सलग पंधरा वर्षे करंडक राखणारी मुंबई त्या सामन्यात मागे पडली. प्रसन्नांनी गावसकरांचा त्रिफळा उडवला, वाडेकर पाय घसरून धावचीत झाले आणि कर्नाटकाने पुढे प्रथमच रणजी करंडक जिंकला.

मुंबईने या पराभवाची परतफेड केली ती म्हैसूर विद्यापीठाच्याच 'गंगोत्री ग्लेड्स' मैदानावर! जानेवारी २०१० मध्ये रणजीचा अंतिम सामना येथे झाला. कर्नाटकाला विजयासाठी ३३८ धावा हव्या होत्या. मनीष पांडेने १४४ धावा काढून सामना जवळजवळ खेचून आणला होता. पण मुंबई जिंकली, फक्त सहा धावांनी. मुंबईचे ते ३९ वे विजेतेपद.

घर गहाण ठेवणारे प्राचार्य

खेळाडू मोठा होतो तेव्हा त्याच्यामागे कोणीतरी उभे असते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा त्यांचा माजी विद्यार्थी खाशाबा जाधव हेलसिंकीला जाऊ शकला. १९५२ च्या त्या ऑलिंपिकमधून त्याने स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आणले. प्रत्येक प्राचार्याने घर गहाण टाकावे असे कोणी म्हणणार नाही. पण सामन्यामुळे हुकलेली परीक्षा पुन्हा घेणे, बुडालेले तास भरून देणे, एवढे तर करता येते?

म्हैसूरच्या जयचामराजेंद्र इंजिनिअरिंग कॉलेजातून जवागल श्रीनाथ इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन बाहेर पडला आणि कसोटीत २३६ व एकदिवसीय सामन्यांत ३१५ बळी घेऊन गेला. पदवी आड आली नाही, की चेंडूही.

पालकांनो, इकडे लक्ष द्या

विद्यापीठाच्या खेळाची शिडी सोपी असते. आधी कॉलेजचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि शेवटी विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. २०२० पासून 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्या आहेत. मुलगा असो वा मुलगी, प्रवेश घेतानाच कॉलेजच्या क्रीडा संचालकांना भेटावे. हजेरीचे आणि परीक्षेचे नियम विचारून घ्यावेत. खेळाच्या प्रमाणपत्रांच्या प्रती जपून ठेवाव्यात, कारण पुढे प्रवेशाच्या व नोकरीच्या राखीव जागांसाठी त्याच उपयोगी पडतात.

आणि एक ध्यानात असू द्या. शंभरातले नव्व्याण्णव खेळाडू कधी देशासाठी खेळणार नाहीत. त्यांना पदवीच तारणार आहे. पण मैदानावर पचवलेला पराभव, पहाटेची शिस्त आणि दुसऱ्याच्या यशाला मनापासून वाजवलेली टाळी, हे त्या नव्व्याण्णवांनाही जन्मभर पुरते. म्हणून मुलीने 'आज सराव आहे' म्हटले की 'अभ्यास झाला का?' असे जरूर विचारा. तो झाला असेल, तर मात्र तिला दारात अडवू नका.