वाकण्याआधी मनात वाका

शेंगा फोडत असाल, भाकरी थापत असाल, तर चालू द्या. ऐकायला हात लागत नाहीत. आज कमरेविषयी बोलायचं आहे.

आमच्या बचतगटातल्या एका वहिनींच्या कमरेत दोन वर्षांमागं भातलावणीत उसण भरली. लावणी संपली, भात कापून घरात आलं, कंबर मात्र सुटली नाही. एक्स-रे काढला, हाडं चांगली. कुणी म्हणालं पडून राहा, कुणी पट्टा बांधायला दिला. पुढं पुढं खाली पडलेली वाटी उचलतानाही वहिनी श्वास रोखून धरायला लागल्या. खुरपणीला जाणं सुटलं, रोज बुडाला, आणि घरात बोलणी सुरू झाली, "फोटोत काही नाही, मग दुखतंय कुठं?"

आधी याचंच उत्तर देतो. एक्स-रेत हाडं दिसतात, दुखणं दिसत नाही. बहुतेक कंबरदुखीत बोट ठेवून दाखवावा असा एकच बिघाड सापडतच नाही. २०२० साली जगात जवळजवळ ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यांत बाया जास्त. एवढी माणसं काही नाटक करत नसतात.

मग होतं काय? दाराशी कुत्रं असतं ना, तसं समजा. एकदा चोर आला, ते भुंकलं, बरं झालं. पण त्या रात्रीपासून मांजर आलं तरी भुंकतं, घरधनी आला तरी भुंकतं. तीन महिन्यांच्या वर रेंगाळलेल्या दुखण्यात बऱ्याचदा असंच होतं. स्नायूची इजा भरून आलेली असते, पण मेंदू आणि नसा राखण सोडत नाहीत. नुसतं वाकायचं म्हटलं तरी पाठ ताठ होते. आपण भीतीनं हालचाल कमी करतो, पाठ आणखी आखडते, दुखणं आणखी वाढतं.

वहिनींना फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं, "आठवडाभर वाकू नका. वाकल्याची कल्पना करा." वहिनींना ही थट्टाच वाटली. आम्हालाही वाटली. पण चिंचेचं बुटूक आठवून बघा. तोंडाला पाणी सुटलं की नाही? चिंच नाही, तरी शरीरानं तयारी केली. हालचालीचंही तसंच आहे. मनात नीट हालचाल केली की खरी हालचाल ठरवणारे मेंदूचे बरेच भाग जागे होतात, पण कमरेवर भार येत नाही. राखणदार कुत्र्याला पाहुण्याची लांबूनच ओळख करून द्यावी, तसं हे.

करायचं असं. गोधडीवर उताणं पडा, गुडघे वर घ्या, चार-पाच श्वास सावकाश सोडा. मग मनात उभ्या राहा आणि हळूहळू वाका. सिनेमात दुसरीला बघतो तसं नको. आपलेच पाय जमिनीवर, आपलेच हात गुडघ्यावरून खाली, लुगड्याचा काठ हाताला लागतोय, असं आतून जाणवू द्या. श्वास चालू ठेवा. पाच वेळा झालं की थांबा. दिवसातून दोन-तीनदा पुरे.

काहींना नुसत्या कल्पनेनंही कळ येते. घाबरू नका, मनाचे खेळ आहेत असंही समजू नका. कुत्रं किती सावध आहे तेवढंच त्यातून कळतं. मग पायरी खाली घ्या. मनात गुडघ्यापर्यंतच वाका, किंवा दुसरी बाई वाकतेय एवढंच बघा. ते सहज जमलं की पुढं. आणि मनातलं वाकणं बिनधास्त झालं की खरं थोडंसं वाकायचं. ही शेवटची पायरी गाळली तर सगळं फुकट.

ऑस्ट्रेलियातल्या लॉरिमर मोझली या फिजिओथेरपिस्टनी २००४ साली अशा पायरी-पायरीच्या उपचाराचा अभ्यास छापला. मनगट मोडून बरं झालं तरी हाताचं दुखणं राहिलेल्या लोकांवर तो होता, आणि त्यांना आराम पडला. कमरेसाठी मात्र निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: ही जादू नाही, नुसतं पडून कल्पना केल्यानं कंबर सुटत नाही. चालणं आणि व्यायाम यांच्या जोडीला, विशेषतः वाकायलाच भीती वाटते तिच्यासाठी, हे कामाचं आहे. शिकून घ्यायला फिजिओथेरपीवाल्यांकडे एकदा जाच.

आणि एक. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पडल्यानंतर दुखायला लागलं, ताप आहे, विनाकारण वजन उतरतंय, तरीही आधी डॉक्टर.

वहिनींचं म्हणाल, तर तिसऱ्या आठवड्यात त्यांनी चुलीपुढची राख वाकून भरली. दुखलं, पण श्वास रोखला नाही. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "निजून कसला व्यायाम?" आता दुपारी त्याच गोधडी अंथरून देतात, आणि शेजारी स्वतःही पडतात. गुडघ्यासाठी, म्हणे.