कपाटातल्या कॅसेटी वाजवणार कोण?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, आपल्या धंद्यात माल जुना झाला की त्याचा भाव उतरतो. घरातल्या काही जुन्या वस्तूंना मात्र हा हिशेब लागू पडत नाही. अशाच काही यंत्रांविषयी आज चार शब्द लिहीत आहोत. यात आठवणी आहेत, तशी कामाची गोष्टही आहे.

आमची पेढी भिवंडीची, धंदा ग्रे कापडाचा. १९८८ साली उर्दू शाळेचे शिक्षण आटोपून आम्ही गादीवर बसलो, तेव्हा दुकानात यंत्रे म्हणावीत अशी तीनच होती. तबकडी फिरवण्याचा काळा फोन, बेरीज कागदावर छापून देणारा कॅल्क्युलेटर आणि फळीवरचा रेडिओ. रेडिओला पूर्वी लायसन्स लागे. पोस्टात दरवर्षी पैसे भरून पुस्तकात तिकीट चिकटवून आणावे लागे. १९८४ साली ही फी माफ झाली, पण अब्बांनी ते पुस्तक पुढे कित्येक वर्षे गल्ल्यात सांभाळून ठेवले. सरकारचा काय भरवसा, असे ते म्हणत.

नंतर फॅक्स आला. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधला दलाल ऑर्डर लिहून पाठवी आणि ती अक्षरशः आमच्या टेबलावर उतरे. पण त्या गुळगुळीत कागदाचा एक स्वभाव होता. त्यावर शाई नसे, उष्णतेने अक्षर काळे पडे, आणि काही महिन्यांत तेच अक्षर उडूनही जाई. फॅक्स हाती पडताच त्याची झेरॉक्स काढून फाईलला लावण्याचा आमचा शिरस्ता होता. ज्यांनी तो पाळला नाही, त्यांच्या फाईलीत भावाचा तंटा उभा राहिल्यावर कोरे कागद निघाले. १९९५ साली पेजर आणि मोबाईल दोन्ही आले. पेजर तर आला कधी आणि गेला कधी, हेही धड कळले नाही. मोबाईलवर येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. २००३ साली ते बंद झाले, तोवर दलालाचा नंबर स्क्रीनवर दिसला की आम्ही तो कट करून दुकानाच्या फोनवरून त्याला फोन लावत असू.

या सगळ्यांत आमचा जीव अडकला तो टू-इन-वनमध्ये. रेडिओ आणि टेप एकाच खोक्यात. आमच्या अम्मीचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. त्या भागातल्या मोहल्ल्यांत घरटी एखादा माणूस तरी आखातात असे. आमचे मामू कुवेतला होते. १९८१ साली ते सुट्टीवर आले, तेव्हा कस्टमची ड्यूटी भरून त्यांनी जपानी बनावटीचा टू-इन-वन आणला. त्या दिवसांत परदेशी मालाला ड्यूटी एवढी जबर असे की, वस्तू स्वस्त आणि तिला घरी आणणे महाग.

गाणी, कव्वाली ऐकण्यासाठी तो होताच. पण त्याचे खरे काम पत्रांचे होते. नानीला लिहिता-वाचता येत नव्हते. पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे म्हणजे घरची गोष्ट चार कानांवर जाणार. म्हणून मामू कॅसेट भरून पाठवत. गावाकडे येणारा कोणी ना कोणी ती सामानात घालून आणी. आधी सलाम, मग एकेकाचे नाव घेऊन विचारपूस, मग पैसे किती पाठवले, कोणाचे देणे फेडायचे, छपराला कौले घालायची की पत्रे. नानी त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला जवाब भरी आणि मध्येच थांबून विचारी, "तो ऐकतोय ना रे?"

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये फौजा घुसवल्या. फोन लागेना, तार जाईना. नानीकडे मामूंची जुलैमध्ये भरलेली एक कॅसेट होती. त्या दिवसांत एकाच खोक्यावर दोन कामे चालत. बातम्यांच्या वेळी रेडिओ, एरवी ती कॅसेट. सरकारने अम्मानहून विमाने सोडून सुमारे १ लाख ७० हजार माणसे मायदेशी आणली, त्यांत मामूही होते. हातात एक पिशवी घेऊन आले. कमाई तिकडेच राहिली.

आज नानी नाहीत, मामूही नाहीत. कॅसेटी मात्र आहेत, बिस्किटांच्या डब्यात एकवीस. फॅक्सची अक्षरे उडाली, आवाज अजून टिकून आहे. पण वाजवावा कशावर?

कापडवाल्याच्या हिशेबात सांगायचे तर साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये फीत जवळजवळ ९० मीटर, म्हणजे शंभर मीटरच्या ताग्याला थोडी कमी. रुंदी ४ मिलिमीटरही नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत लांब, म्हणून तेवढ्याच डबीत बसवण्यासाठी जास्त बारीक केलेली. बारीक सूत जसे लवकर तुटते, तशीच ती टेपमध्ये गुंतते. कोकणच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. टेपमधला रबराचा पट्टा सैल पडला की आवाज घोगरा व संथ होतो. हे सारे दुरुस्त होणारे दोष आहेत. पण दुरुस्त करणारा हात हवा.

पूर्वी प्रत्येक बाजारपेठेत एक-दोन रेडिओ मिस्त्री असत. शाळा अर्धवट सुटलेली आपली कितीतरी मुले त्यांच्या हाताखाली डाग द्यायला शिकली आणि त्यावर संसार उभे केले. आता ती दुकाने मोबाईलच्या कव्हरांची झाली आहेत. आम्हांला मिस्त्री मिळाला तो सत्तरीचा. त्याने पट्टा बदलला, कापसाला स्पिरिट लावून हेड पुसले, दोन कॅसेटींतली निखळलेली नमद्याची गादी बसवली. मग बारीक पेचकसाने हेडचा स्क्रू किंचित फिरवला, आणि पाण्याखालून आल्यासारखा वाटणारा मामूंचा आवाज स्वच्छ झाला. या कामाचे त्याने जे मागितले, ते एका चांगल्या शर्टाच्या कापडापेक्षा कमी होते. आम्ही जास्त दिले. त्याच्याकडे शिकाऊ कोणी नाही. मुंबई-पुण्यात कॅसेटवरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून देणारे आहेत आणि ते कॅसेटमागे पैसे घेतात. आखातातून आलेल्या कॅसेटी आपल्या घरांत किती पडून असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. एखाद्या होतकरू मुलाला यात काम आहे. कायमचे नाही, पण काही वर्षांचे नक्कीच.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील, त्यांनी आधी वरच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची पाती मोडून टाकावीत, म्हणजे चुकून वरून दुसरे काही भरले जाणार नाही. पुष्कळ घरांत त्या भोकांवर चिकटपट्टी लावून मुलांनी बुजुर्गांच्या आवाजावर फिल्मी गाणी भरली आहेत. ती पट्टी दिसली तर काढावी. बुरशी दिसली तर कॅसेट वाजवूच नये, आधी जाणकाराला दाखवावी. फीत ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे फिरवून मगच वाजवावी. उतरवलेला आवाज दोन ठिकाणी ठेवावा, नुसत्या मोबाईलमध्ये नको. आणि कॅसेट फेकू नये.

आमच्या एकवीसपैकी सतरा उतरल्या. एकीची फीत आतल्या आत चिकटली आहे, तिला मिस्त्रीने हात लावला नाही. तीन अजून त्याच्याकडे आहेत.