निळ्या रंगाखालचे आकडे

चार्ल्स डार्विनच्या १८४२ सालच्या प्रवाळांवरील पुस्तकात एक घडीचा नकाशा आहे. बेटांची नावे वाचण्याआधीच त्यातले रंग नजरेत भरतात. गडद निळा म्हणजे कंकणद्वीप, भर समुद्रात उथळ पाण्याभोवती बांगडीसारखे कडे. फिका निळा म्हणजे किनाऱ्यापासून दूर उभी राहिलेली प्रवाळभिंत. तांबडा म्हणजे किनाऱ्यालाच चिकटलेली झालर. शेंदरी ठिपके जागृत ज्वालामुखींचे. भारताच्या नैर्ऋत्येला गडद निळ्याची एक लांबलचक माळ उतरत जाते, ती मालदीवची. डार्विनने मालदीव कधी पाहिलेच नव्हते.

मग हा निळा आला कुठून? मुंबईहून!

'बॉम्बे मरीन' हे ईस्ट इंडिया कंपनीचे आरमार १८३० मध्ये 'इंडियन नेव्ही' झाले. त्यातला कॅप्टन रॉबर्ट मोरेस्बी तांबड्या समुद्राची मोजणी उरकून १८३४ साली मालदीवकडे वळला आणि १८३६ पर्यंत एकेक कडे मोजत राहिला. काम भलतेच कंटाळवाणे. दोरीला शिसे बांधून पाण्यात सोडायचे, तळाला टेकले की वाव मोजायचे (आपल्या कोळ्यांचाच वाव, सुमारे सहा फूट), आकडा लिहायचा, होडी पुढे न्यायची. शिशाच्या बुडाच्या खळग्यात चरबी भरलेली असे. वर ओढल्यावर तिला वाळू चिकटली आहे की प्रवाळाचा ठसा उमटला आहे, यावरून तळ कसा आहे ते कळे. तापाने माणसे आजारी पडत. यंग आणि ख्रिस्तोफर हे दोन लेफ्टनंट लोकजीवन समजून घ्यायला मालेत राहिले. त्यांचा वृत्तान्त बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीने छापला. ही संस्था १८७३ मध्ये आजच्या एशियाटिक सोसायटीत विलीन झाली.

डार्विनने मोरेस्बीच्या नकाशांवर भिस्त ठेवली आणि तसे पुस्तकात मोकळेपणाने नोंदवले. कंकणद्वीपासाठी इंग्रजीत वापरतात तो 'अॅटॉल' हा शब्दही मूळचा मालदीवच्या धिवेही भाषेतला. डार्विनचे कोडे असे होते: भिंत बांधणारे प्रवाळ वीस-तीस वावांखाली जगत नाहीत, मग अथांग पाण्यातून ही कडी वर आली कशी? त्याचे उत्तर असे, की मुळात तिथे बेट होते. ते सावकाश खचत गेले आणि प्रवाळ त्याच वेगाने वर चढत राहिले. बेट बुडाले, झालर तेवढी कडे होऊन उरली. म्हणून नकाशातला निळा म्हणजे खचता तळ आणि तांबडा म्हणजे स्थिर किंवा वर येणारा. ज्वालामुखीचे ठिपके निळ्यात जवळजवळ नाहीत, हे त्याने मुद्दाम दाखवले.

मला इथे थबकायला होते. मोरेस्बीचा आकडा कुणीही पुन्हा दोरी सोडून तपासावा. खचणे मात्र कोणत्याच दोरीने मोजलेले नव्हते. निळा हा निष्कर्ष होता, आणि त्याने कागदावर मोजमापाइतक्याच ऐटीत जागा घेतली होती. शास्त्रज्ञ अलेक्झांडर अगासिझला तो पटला नाही. त्याने स्वतः मालदीव पालथे घातले आणि १९०३ साली डार्विनविरुद्ध जाडजूड ग्रंथ काढला. वाद मिटवायला त्याआधीच पॅसिफिकमधल्या फुनाफुटी बेटावर १८९६ ते १८९८ या काळात छिद्र पाडले, ते सुमारे ३४० मीटर गेले तरी प्रवाळच लागत राहिले. अखेर १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्याच एनिवेटॉक कंकणद्वीपावर १,२०० मीटरहून खोल बेसॉल्ट सापडला. बुडालेला ज्वालामुखी हाती लागला. डार्विन जिंकला, निदान पॅसिफिकमध्ये.

मालदीवची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. १९८७ मध्ये तिथल्या समुद्रतळातून सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट काढला गेला. भारताचे भूपट्ट उत्तरेकडे सरकताना ज्या तप्तबिंदूवरून गेले, त्याच तप्तबिंदूने आधी दख्खनचे लाव्हाथर ओतले आणि पुढे मालदीवचा पाया घातला. आज तो रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांतला काळा दगड आणि मालदीवच्या पोटातला दगड एकाच भट्टीतले. पाया खचला हे खरेच. पण आजच्या कंकणद्वीपांचा आकार त्या खचण्याने घडला नाही, हिमयुगांत समुद्र शेकडो फूट खालीवर झाल्याने घडला, असे आंद्रे ड्रॉक्सलर आणि स्तेफान जोरी या भूवैज्ञानिकांनी २०२१ मध्ये मांडले. त्यांचे मुख्य उदाहरण मालदीवच आहे.

तेव्हा डार्विनच्या नकाशातला तेवढा निळा पट्टा पुन्हा वादात आहे. मोरेस्बीच्या नकाशांना रंगच नव्हता. विसाव्या शतकातही जहाजे ते वापरत होती.