तांबी, गोळी की इंजेक्शन?

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने शिरोळ तालुक्यातल्या अनेक गावांची वाट बंद झाली. अशा वेळी ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळीचे पाकीट संपले तर? रोजच्या गोळीचे हेच दुखणे. नेहमीच्या वापरात वर्षाला शंभरातल्या साधारण सात जणींना तरीही दिवस जातात. शिवाय उच्च रक्तदाब असलेल्या बाईला ती नको. तांबीला पूर अडवत नाही. ‘कॉपर-टी 380-ए’ ही तांबी एकदा बसवली की 10 वर्षे चालते, वर्षाला शंभरात जेमतेम एखादीची फसते. सुरुवातीला अंगावरून जास्त जाते, पोटात दुखते, हेही खरे.

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेची ‘छाया’ गोळी संप्रेरकविरहित. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. ते थांबवल्यावर गर्भ राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे नव्या नवरीला आधीच सांगायला हवे.

सरकारी आरोग्य केंद्रांत ही साधने मोफत मिळतात. गुप्तरोगापासून मात्र यातले एकही वाचवत नाही, तिथे निरोधच.

इतके पर्याय असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदीच केलेली दिसते. पुरुषांची नसबंदी कितीतरी सोपी, पण तो आकडा शंभरात एकही भरत नाही.