जुन्या पोकलेनमधील संदेशवहनाचे दोष कसे ओळखावेत

नांदेड व लातूर जिल्ह्यांत नाला खोलीकरण, शेततळी, तलावातील गाळ काढणे ही कामे आता बहुतांशी उत्खनन यंत्राने होतात. पोक्लेन या फ्रेंच कंपनीच्या नावावरून आपल्याकडे या यंत्रास, ते कोणत्याही कंपनीचे असो, ‘पोकलेन’ असेच म्हणतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान व २०१७ मधील गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना यांमुळे या यंत्रास गावोगाव काम मिळाले.

नवे यंत्र घेणे प्रत्येकास परवडत नाही. म्हणून काही शेतकरी व गट वापरलेले यंत्र विकत घेतात. शेतातील खोदाईस रब्बीच्या राशी आटोपल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतचाच काळ मोकळा असतो. या दिवसांत यंत्र बंद पडले, तर भाडे बुडते. शिवाय अर्धवट राहिलेला बांध पहिल्याच पावसात वाहून जाण्याची भीती असते. अशा घाईत पुष्कळदा कंट्रोलर बिघडल्याचा निष्कर्ष काढून तो महागडा भाग बदलला जातो आणि दोष मात्र तसाच राहतो. तो खर्च टाळण्यासाठी पुढील माहिती उपयोगी पडेल.

संदेश कसे जातात?

अलीकडील यंत्रांत इंजिनाचा कंट्रोलर, पंपाचा कंट्रोलर व चालकापुढील मॉनिटर हे एकमेकांशी दोन तारांवरून बोलतात. या व्यवस्थेस ‘कॅन’ म्हणतात. जर्मनीतील बॉश कंपनीने ती मूळ मोटारगाड्यांसाठी तयार करून १९८६ मध्ये जाहीर केली. तिचे काम गावातील दवंडीसारखे चालते. दवंडी सर्वांच्या कानी पडते, पण ज्याच्या उपयोगाची असेल तोच तिच्याप्रमाणे वागतो. त्याचप्रमाणे एका कंट्रोलरने तारेवर टाकलेला संदेश सर्वांस पोचतो व ज्यास हवा तो घेतो.

या दोन तारांस ‘कॅन हाय’ व ‘कॅन लो’ अशी नावे आहेत. बाहेरील विद्युत उपद्रवाचा परिणाम दोहोंवर सारखाच व्हावा, म्हणून त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. विहिरीत हाक मारली असता जसा प्रतिध्वनी परत येतो, तसा संदेशही तारेच्या टोकावरून उलट येऊन गोंधळ माजवू शकतो. तो थोपविण्यासाठी दोन्ही टोकांस प्रत्येकी १२० ओहमचा रोध बसविलेला असतो.

दोषाची लक्षणे

इंजिन चालू होते, पण वेग वाढत नाही. मॉनिटरवरील काटे थिजतात. एकाच वेळी अनेक दोषसंकेत उमटतात. यंत्र तापल्यावर किंवा हादरे बसल्यावर बंद पडते व थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. येथे एक नियम ध्यानात ठेवावा. एकाच सेन्सरचा संकेत आला, तर प्रथम त्या सेन्सरची तार पाहावी. अनेक संकेत एकदम आले, तर सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टी, म्हणजे वीजपुरवठा, अर्थिंग व संदेशाच्या तारा, प्रथम तपासाव्यात.

तपासणीचा क्रम

१. यंत्र सपाट जागी उभे करून बकेट जमिनीवर टेकवावी. मॉनिटरवरील सर्व संकेत लिहून घ्यावेत. ते पुसण्याची घाई करू नये.

२. बॅटऱ्या पाहाव्यात. या यंत्रांत सामान्यतः १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात. इंजिन सुरू करताना दाब सुमारे १८ व्होल्टच्या खाली गेला, तर कंट्रोलर मध्येच बंद पडून खोटे संकेत देऊ शकतात. बॅटरीची टोके, फ्यूज व चासीवरील अर्थिंगचे बोल्ट काढून स्वच्छ करावेत व पुन्हा घट्ट बसवावेत.

३. नंतर चावी बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी. वीज चालू असता ओहम कधीही मोजू नयेत. मल्टिमीटरने कॅन हाय व कॅन लो यांमधील रोध मोजावा. दोन्ही टोकांचे रोध शाबूत असल्यास सुमारे ६० ओहम दिसतील. १२० दिसल्यास एका टोकाचा रोध किंवा तिकडे जाणारी तार तुटलेली आहे. शून्याच्या जवळ दिसल्यास दोन तारा कोठेतरी एकमेकींस चिकटल्या आहेत.

४. बॅटरी जोडून चावी चालू करावी व प्रत्येक तारेचा चासीशी दाब मोजावा. कॅन हायवर २.५ हून किंचित अधिक व कॅन लोवर २.५ हून किंचित कमी व्होल्ट असावेत. दोहोंची बेरीज सुमारे ५ येते. एखादी तार शून्य दाखवीत असल्यास ती चासीस लागलेली असण्याचा संभव असतो. २४ च्या जवळ दाखवीत असल्यास ती पुरवठ्याच्या तारेस भिडलेली असते.

५. दोन तारा चिकटल्याचे दिसल्यास पुन्हा वीज तोडून एकेक कंट्रोलर सोडवावा व दर वेळी रोध मोजावा. जो सोडविताच चिकटलेपणा नाहीसा होतो, त्यात किंवा त्याच्या जोडणीत दोष आहे. काही कंट्रोलरांच्या पोटातच शेवटचा रोध असतो. तो सोडविल्यावर १२० दिसणे स्वाभाविक आहे.

६. दोष येत-जात असल्यास एकाने मीटर पाहावे व दुसऱ्याने वायरिंग ठिकठिकाणी हलवावे. केबिनमधून इंजिनाकडे जाणारा भाग, क्लॅम्पखाली घासलेल्या जागा व उंदरांनी कुरतडलेल्या तारा बारकाईने पाहाव्यात.

हे आकडे कॅन व्यवस्थेचे आहेत. काही जुन्या यंत्रांत निराळी व्यवस्था असते. तेथे ते लागू पडत नाहीत. म्हणून त्या यंत्राचा वायरिंग नकाशा जवळ असणे अगत्याचे आहे.

दुरुस्ती व निगा

हिरवट पडलेल्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून वाळवाव्यात; पॉलिश पेपरने घासू नयेत. तुटलेली तार जोडताना तिचा पीळ कायम राखावा व सांधा पाण्यापासून सुरक्षित करावा. संदेशाच्या तारेवरून टेप किंवा दिवा कदापि जोडू नये. धुताना कनेक्टरवर पाण्याचा जोराचा झोत मारू नये. बकेटला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची दोन्ही टोके व कंट्रोलरचे कनेक्टर सोडवावेत आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेलगतच लावावी.

विकत घेताना

यंत्र थंड असतानाच पाहण्यास जावे व किमान तासभर प्रत्यक्ष खोदाई करवून घ्यावी, कारण पुष्कळ दोष तापल्यावरच प्रकट होतात. त्यानंतर मॉनिटरवरील संकेत वाचावेत, ६० ओहमची मोजणी करावी व चिकटपट्टीचे सांधे मोजावेत. दोन-चार दिवसांपूर्वीच सर्व संकेत पुसलेले आढळल्यास त्याचे कारण विचारावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी चैत्रातच आपल्या भागातील यंत्रमालक व चालक यांना एकत्र बोलावून ही तपासणी एखाद्या यंत्रावर करून दाखवावी. साधा मल्टिमीटर व थोडा धीर एवढ्यावर दोषाची जागा पुष्कळदा सापडते. जेथे सापडत नाही, तेथेही लिहून ठेवलेली मापे पाहून जाणता मिस्त्री नेमक्या जागी हात घालू शकतो आणि हंगामाचे मोलाचे दिवस वाचतात.