शेवटची पन्नास पावलं

अँटवर्पच्या बंदरातून निघालेली चॉकलेटची पेटी समुद्रावर सहसा बिघडत नाही. जहाजावर रीफर, म्हणजे शीतकरणाची सोय असलेला, कंटेनर अखंड विजेला जोडलेला असतो, आत पंधरा-सोळा अंश. पेटी बिघडते ती चेन्नईत उतरल्यावर, कंटेनरचं दार आणि शीतगोदामाचं दार यांच्यामधल्या पन्नासेक पावलांत.

ती पावलं पाहायला मी मे महिन्यात उत्तर चेन्नईतल्या एका गोदामात गेलो होतो. मणली, माधवरम, तिरुवोट्रियूर हा सगळा पट्टा कंटेनर यार्डांचा. तमिळ पंचांगातलं 'कत्तिरी वेयिल', म्हणजे अग्निनक्षत्राचं ऊन, चालू होतं. म्हणून काम पहाटेचं. सुपरवायझरने न्हावा शेव्याला काही वर्षं काढलेली, त्यामुळे मराठी बऱ्यापैकी समजणारा. त्याने आधी सीलचा नंबर कागदाशी ताडून पाहिला आणि मग दार उघडण्यापूर्वी कंटेनरचं थंड करणारं यंत्र चक्क बंद करायला लावलं. मी चमकून पाहिलं. "सार, पंखा चालू राहिला तर बाहेरची ओली हवा आत खेचणार," तो म्हणाला. दार उघडलं, आतला तापमापक लॉगर काढला, प्रवासभराचा आलेख नजरेखालून घातला आणि "सीक्रम, सीक्रम!" म्हणजे 'लवकर, लवकर!' सुरू झालं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पॅलेट एकामागून एक आत पळू लागली.

घाई उन्हाची, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं. चांगल्या चॉकलेटमधलं कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळतं. तोंडात ते विरघळतं ते म्हणूनच, आणि नुंगंबाक्कमच्या वेधशाळेने ३१ मे २००३ रोजी ४५ अंश नोंदवलेल्या शहरात धोक्यात येतं तेही म्हणूनच. पूर्ण वितळायचीही गरज नसते. तापमान नुसतं वरखाली होत राहिलं तरी आतलं स्निग्ध द्रव्य पृष्ठभागावर येऊन राखाडी थर धरतं. हेझलनटचं सारण असलेल्या तुकड्यांत तर तेल लवकर पाझरतं. खाल्लं तर अपाय नाही, पण भेट म्हणून घेतलेल्या पेटीत असा तुकडा निघाला की पेटी फुकट गेली.

दुसरा शत्रू दमटपणा. मे महिन्यात चेन्नईच्या हवेतली वाफ पंचवीस अंशांच्या आसपासच दव धरू लागते आणि पेटी असते सोळा अंशांवर. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तसा तो पेटीलाही फुटतो. ओल चॉकलेटपर्यंत पोहोचली की वरची साखर विरघळते, वाळते आणि खरखरीत पांढरे डाग उरतात. म्हणून पॅलेटचं प्लास्टिक लगेच फाडत नाहीत. लेबलं लावण्याची खोली कोरड्या हवेची, थोडी कमी थंड. माल तिथल्या तापमानाला आला की मगच कात्री लागते.

त्या खोलीत हातमोजे घातलेल्या बायका स्टिकर चिकटवत होत्या. आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक, आयातीचा महिना, एमआरपी आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. अंडं किंवा जिलेटिन असेल तर तपकिरी त्रिकोण. मूळ छपाईतलं काही झाकायचं नाही. परवाना क्रमांक, आयातदाराचा पत्ता आणि हे चिन्ह अशा गोष्टी बंदरात उतरल्यावर स्टिकरने भागवता येतात. घटकांची यादी किंवा मुदतीची तारीख मुळातच नसेल, तर माल अडलाच. अन्नसुरक्षा अधिकारी नमुने नेतात आणि प्रयोगशाळेला पाच दिवस मिळतात. तोवर विजेचं मीटर आयातदाराच्या खर्चाने फिरत राहतं.

कॅलेंडरही छळतं. २०१७ च्या आयात नियमांनुसार सीमाशुल्कातून सुटताना मालाची साठ टक्के मुदत किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी शिल्लक हवी. वर्षभर टिकणाऱ्या पेटीला तीन महिने पुरतात. पण ताज्या सायीच्या ट्रफलची मुदत चार महिन्यांची असेल, तर बहात्तर दिवस शिल्लक हवेत. कारखान्यापासून चेन्नईपर्यंत उरले अठ्ठेचाळीस. २०२३ च्या अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपचा वळसा घेऊ लागलेल्या जहाजांवर हा हिशेब बसवणं कठीण. असा माल विमानाने येतो आणि किंमत चढते.

फरेरोसारखी कंपनी आपल्या मायदेशी, इटलीत, काही प्रकार उन्हाळ्यात दुकानांतून काढूनच घेते. चेन्नईला ती सोय नाही. इथे थंडीतही रात्रीचा पारा विशीच्या खाली फारसा जात नाही, आणि मागणीचा मोठा मोसम दिवाळीचा, म्हणजे ऐन ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावरचा. गोदामातून दुकानापर्यंत पेट्या थर्माकोलमध्ये, जेलच्या थंड पिशव्यांसोबत जातात. पुढचं संकट अगदी साधं असतं: रात्री शटर ओढताना दुकानदार एसी बंद करतो. म्हणून काही आयातदार दुकानात स्वतःचं थंड कपाटच ठेवतात, वेगळ्या प्लगवर.

चॉकलेटवरचं मूळ सीमाशुल्क तीस टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला. ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटाशी झालेला करार लागू झाला, त्यामुळे स्विस चॉकलेटवरचं शुल्कही टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. थंड साखळीचा खर्च मात्र तसाच राहील आणि स्वस्त विकण्याच्या चढाओढीत पहिली काटछाट तिथेच होण्याची भीती आहे. तेव्हा पेटी घेताना रिबिनीआधी आयातीचा महिना वाचावा, दुकानदाराला रात्रीच्या एसीबद्दल विचारावं, आणि घरी फ्रिजमध्ये ठेवलीच तर बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये.