मक्याच्या जोडीला चवळी

टंचाईची चाहूल लागताच ग्रामीण महाराष्ट्रात पहिला प्रश्न उभा राहतो तो वैरणीचा. १९७२ च्या दुष्काळात जनावरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या. २०१३ व २०१९ मध्येही तीच वेळ आली. तथापि वैरणीची टंचाई केवळ वजनाची नसते, ती सकसतेचीही असते.

ज्वारीचा कडबा किंवा मक्याची हिरवी वैरण खाऊन जनावराचे पोट भरते. परंतु तीत प्रथिने कमी असतात. मक्याच्या वैरणीतील शुष्क भागात प्रथिनांचे प्रमाण साधारणतः ८ ते १० टक्के, तर चवळीच्या वैरणीत ते १५ ते २० टक्के असते. ही उणीव भरून काढण्यासाठी पशुपालकास पेंड विकत घ्यावी लागते आणि दुधाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्यातच जातो. उलटपक्षी, केवळ कोवळी द्विदल वैरण भरपूर खाऊ घातल्यास पोटफुगीचा धोका असतो. दोन्ही पिके एकत्र घेतल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते.

लागवडीची पद्धत सोपी आहे. ३० सेंटिमीटर अंतरावर मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ पेरावी. चवळीच्या बियाण्यास रायझोबियम जिवाणू संवर्धक चोळावे. हे जिवाणू मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र स्थिर करतात. त्या नत्राचा लाभ शेजारच्या मक्यास त्याच हंगामात फारसा होत नाही. मुळे व पाने कुजल्यावर तो पुढील पिकास मिळतो. म्हणून मक्यास शिफारशीनुसार खत देणे आवश्यकच आहे. साधारणतः ६० ते ७० दिवसांनी, पीक फुलोऱ्यात असताना, दोन्हींची एकत्र कापणी करून कुट्टी करावी. जादा वैरणीचा मुरघास करता येतो.

मक्याऐवजी ज्वारी घेतल्यास एक दक्षता अगत्याची आहे. कोवळी, विशेषतः पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाल्ल्याने जनावरांना विषबाधा होते. यास्तव फुलोऱ्यापूर्वी ती खाऊ घालू नये.

वैरणीचे नियोजन टंचाई जाहीर झाल्यावर नव्हे, तर पेरणीच्या वेळी करावयाचे असते. ग्रामपंचायतीच्या पुढाकाराने गावातील एखाद्या शेतकऱ्याच्या दोन-चार गुंठ्यांवर असे प्रात्यक्षिक झाले आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मुळांवरील गाठी तेथेच दाखविल्या, तर चवळीची ती एक ओळ घरोघरच्या शेतात पोहोचण्यास वेळ लागणार नाही.